नव्या लेखकांना रहस्यकथाकाराबरोबर एक दुपार मिळू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साताऱ्याला ९९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले आणि आता शंभरावे समोर आहे. शंभरावे म्हटल्यावर समित्या बसतील, परिसंवादांचे विषय निघतील, मांडव केवढा घालायचा यावर बैठका होतील. ते सगळे ठरायच्या आत आपल्या पत्रातून एक मागणी करायची आहे. या संमेलनात, आणि त्याहूनही जास्त जिल्हा-तालुक्याच्या लहान संमेलनांत, रहस्यकथा, भयकथा आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्या लेखकांना बोलवा. शाल-श्रीफळ द्यायचे तर जरूर द्या, पण त्यांना नव्या लिहिणाऱ्यांबरोबर दोन-तीन तास बसू द्या.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका 'अ' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल होते. निवृत्त झाले तरी अधूनमधून जाऊन बसते. देवघेवीच्या टेबलामागे बसले की मराठी माणूस काय वाचतो ते वेगळे विचारावे लागत नाही. पुस्तकाच्या शेवटी तारीखपट्टी असते, ती सगळे सांगते. नारायण धारपांच्या पुस्तकांना आम्ही पट्टीवर पट्टी चिकटवत गेलो, शेवटी मागचा पुठ्ठा मिटेना. बाबूराव अर्नाळकरांच्या छोट्या पुस्तिका चार-चार एकत्र बांधून घेतल्या, तरी पाने सुटून हातात यायची. सुहास शिरवळकरांचे पुस्तक परत आले की कपाटापर्यंत पोचायचेच नाही, टेबलावरूनच दुसरा वाचक उचलायचा. रहस्यकथेच्या मध्यावर समासात खुन्याचे नाव लिहून ठेवणारे वाचकही असतात. अशी नावे मी स्वतः कागदाचा तुकडा चिकटवून झाकली आहेत, पुढच्याची मजा जाऊ नये म्हणून. ज्यांच्या पुस्तकांवर वाचकांनी एवढा जीव टाकला, ते लेखक संमेलनाच्या व्यासपीठावर मात्र क्वचित दिसले.

१८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावले, तेव्हापासूनच्या अध्यक्षांची यादी एकदा नजरेखालून घाला. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. ज्यांनी त्यांतली एकही वाचली नाही त्यांनाही त्यांतले नायक झुंजार आणि काळापहाड ठाऊक असतात. गोव्यातून आलेल्या गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्याही हजाराच्या घरात. धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी तर मराठी वाचकाला रात्री दिवा लावून झोपायला लावले. या चौघांपैकी एकाचेही नाव त्या यादीत नाही. अरुण साधू २००७ साली नागपूरला अध्यक्ष होते आणि त्यांनी विज्ञानकथा लिहिलेली आहे हे खरे, पण त्यांची ओळख राजकीय कादंबरीची. विज्ञानकथाकार म्हणूनच घराघरांत माहीत असलेला लेखक अध्यक्ष व्हायला डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. ते नाशिकचे ९४वे संमेलन, आणि अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष येता आले नाही.

अध्यक्षपदावरून मला भांडायचे नाही. ते वर्षातून एकालाच मिळते, आणि त्याने तालुक्याच्या गावात कथा लिहीत बसलेल्या पोराचे किंवा पोरीचे फारसे काही होत नाही. त्यांना हवा असतो समोर बसून कथा वाचणारा आणि 'इथे माझे लक्ष उडाले' असे सांगणारा जाणता माणूस.

नारळीकरांचेच बघा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी फिरवून घेतलेले नाव. अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा पत्नीकडून, मंगलाताईंकडून लिहून घेतली. परीक्षकांनी नाव न बघता कथा बघावी एवढाच हेतू. पहिले बक्षीस मिळाले, आणि मराठीला तिचा सर्वांत नावाजलेला विज्ञानकथाकार मिळाला. परिषदेने ती स्पर्धा ठेवली नसती तर काय, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. नव्या माणसाला आत यायला दार लागते, आणि ते कोणीतरी मुद्दाम उघडे ठेवावे लागते.

पुढे हेच नारळीकर गावोगावच्या व्याख्यानांना गेले, की मुले सहीच्या वह्या घेऊन घेराव घालायची. ते सही द्यायचे नाहीत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल, असे सांगायचे. आणि खरोखर उत्तरे पाठवायचे. नावाजलेल्या लेखकाने लोकांसमोर कसे यावे याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मुलाला वहीतल्या सहीऐवजी विचार करायला एक कारण मिळे.

आता आपल्या संमेलनांकडे. नव्या कवींची सोय आपण केलेली आहे, आणि ती चांगलीच केली आहे. कविकट्टा असतो, गझलेचा कट्टा असतो, कोपऱ्यातल्या मांडवात सकाळपासून रात्रीपर्यंत कविता चालू असतात. लातूरची शिक्षिका, रत्नागिरीचा पोस्टमन, कोणीही नाव नोंदवून दोन कविता वाचतो. कथा लिहिणाऱ्या नवख्याला असे काही नाही, आणि रहस्यकथा किंवा भयकथा लिहिणाऱ्याला तर अजिबात नाही. तो ग्रंथप्रदर्शनात फिरतो, पुस्तके चाळतो, आवडत्या लेखकाबरोबर फोटो काढून घेतो आणि पिशवीतली कथा तशीच घरी परत नेतो.

एका संमेलनातला प्रसंग सांगते. गावाचे नाव घेत नाही. लोकप्रिय साहित्यावरचा परिसंवाद जेवणानंतर ठेवलेला. पाच वक्ते, त्यांतले चार प्राध्यापक आणि एक रहस्यकथाकार, ज्यांची पुस्तके आमच्या वाचनालयात हातोहात जातात. प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मग चार निबंध. रहस्यकथाकारांना शेवटी जेमतेम दहा मिनिटे मिळाली, आणि त्यांतही अर्ध्यावर 'वेळ संपली' अशी चिठ्ठी आली. ते शांतपणे आभार मानून बसले. व्यासपीठाच्या पायऱ्यांजवळ पाच-सहा तरुण मुले-मुली प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आपापल्या कथा घेऊन उभी होती. मंडपातून पाहुण्यांना लगेच गाडीकडे नेण्यात आले. त्या मुलांच्या तोंडाकडे मला बघवेना. त्याच दिवशी मी ठरवले की हे काम आपल्या वाचनालयात करायचे.

आमच्या कार्यकारिणीला पटवायला थोडा वेळ लागला. 'भुताखेतांच्या गोष्टींवर शिबिर कशाला?' असे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. मी त्यांच्यापुढे तारीखपट्ट्या ठेवल्या. मग पुण्याच्या एका लेखकांना पत्र लिहिले. रहस्य आणि भय या दोन्ही प्रकारांत त्यांचे बरेच लेखन आहे. नाव छापायला त्यांनीच नको म्हटले आहे, म्हणून लिहीत नाही. त्यांच्या अटी वाचून आम्ही चकित झालो. सत्कार चहाच्या वेळी ऑफिसात उरकून घ्या. माइक नको. वीसच्या वर माणसे घेऊ नका. येणाऱ्या प्रत्येकाच्या कथेची फक्त पहिली दोन पाने मला आधी पाठवा. प्रवासखर्च आणि मानधन किती देणार ते आधीच कळवा. शेवटची अट वाचून आमचे खजिनदार जरा नाराज झाले होते, पण मला ती सर्वांत रास्त वाटली. लिहिणे हे काम आहे, आणि शिकवणे हेही.

शनिवारी दुपारी वाचन कक्षातली टेबले भिंतीला लावून खुर्च्या गोल मांडल्या. आलेल्यांत एस.टी.चे एक वाहक होते, ग्रामीण रुग्णालयातली एक नर्स, डी.एड. झालेल्या दोघी, कॉलेजची मुले, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा एक कारकून. सरांनी 'मी कसा घडलो' हे एका वाक्यानेही सांगितले नाही. पिशवीतून एक जुने हस्तलिखित काढले आणि हातोहात फिरवायला दिले. लाल शाईने पानेच्या पाने खोडलेली. "हा माझा पहिला खर्डा," ते म्हणाले. "यात डॉक्टर खुनी आहे. छापलेल्या पुस्तकात डॉक्टर खुनी नाही. कारण साठाव्या पानावर आल्यावर माझ्या ध्यानात आलं, की वाचकाला हे विसाव्या पानावरच कळलंय." नवी माणसे ती पाने उलटून बघत होती. नावाजलेल्या लेखकालाही एवढे खोडावे लागते, हे त्यांना त्या पानांवरच दिसले.

मग काट्यावरच्या कारकुनाची पाळी आली. त्याच्या कथेची सुरुवात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर, मुसळधार पावसात, ओव्हरकोट घातलेल्या इन्स्पेक्टरपासून. सरांनी विचारले, "तुम्ही मुंबईत किती वर्षं होतात?"

"नाही राहिलो सर. दोनदा गेलोय."

"मग ते राहू द्या. काट्यावर रात्री काय चालतं ते सांगा."

आधी तो लाजला, मग बोलायला लागला. गाळप हंगामात उसाच्या गाड्यांची रांग कशी लागते, ड्रायव्हर ट्रॉलीखाली घोंगडी टाकून कसे झोपतात, भरलेल्या गाडीचे वजन आधी कसे होते, मग गव्हाणीत ऊस खाली करून गाडी परत काट्यावर येते, रिकामे वजन होते, दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. दोन्ही वेळा चिठ्ठीवर वजन आणि वेळ छापली जाते.

सर उठले आणि फळ्यावर दोन वेळा लिहिल्या. १.१० आणि ३.४०. "गाडी आत आली एक दहाला. रिकामी होऊन बाहेर पडली तीन चाळीसला. मधल्या अडीच तासांत ड्रायव्हर कुठे होता? आणि आता असं समजा, की रिकाम्या गाडीचं वजन नेहमीपेक्षा साठ-सत्तर किलोनं जास्त भरलं."

कारकून पटकन म्हणाला, "सर, तेवढा फरक आम्ही चिखलाचा धरतो."

"हेच!" सरांनी फळ्यावर हात आपटला. "हेच वाक्य तुमच्या कथेत पाहिजे. पण कुठे? खुनाच्या रात्री नाही. पहिल्या पानावर, दुसऱ्याच कुठल्या गाडीवरून, सहज गप्पांत. वाचक ते वाचेल आणि पुढे जाईल. शेवटी त्याला आठवलं पाहिजे, की अरे, हे तर मला सांगितलं होतं. वाचकापासून लपवायचं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर ठेवायचं, फक्त त्या वेळी त्याचं लक्ष दुसरीकडे पाहिजे."

रहस्यकथा कशी लिहावी यावर मी पुस्तके चाळली आहेत, लेख वाचले आहेत. त्या चिखलाच्या वाक्यातून मला जेवढे कळले तेवढे कशातून कळले नव्हते. आणि हे शिकवणे समीक्षकाला जमणारे नाही. ज्याने स्वतः रात्र-रात्र बसून धागे जुळवले आहेत त्यालाच ते जमते, म्हणूनच लेखक हवा.

नर्सच्या कथेत पहिल्याच परिच्छेदात बाळंतिणीच्या वॉर्डात पांढऱ्या साडीतली बाई येत होती. सर म्हणाले, "सिस्टर, तिला चार पानं थांबवा. आधी आम्हाला तुमच्या रात्रपाळीची सवय होऊ द्या." मग त्यांनी तिच्याकडून सगळे काढून घेतले. पाळी बदलताना नोंदवही कशी हातात देतात, पहाटे तीनला कोणत्या खाटेवरून कण्हण्याचा आवाज येतो, मच्छरदाण्या कधी सोडतात, थर्मासमधला चहा कोण कोण पितात. तिने सहज सांगितले, की नोंदवहीत कोणाचे अक्षर कोणते हे आम्हाला न बघता कळते. सरांनी तिला तिथेच थांबवले. मधल्या रात्रीची एक नोंद कोणाच्याच अक्षरात नसेल तर? एवढेच विचारले आणि पुढच्याकडे वळले. तिला बाकीचे सांगायची गरज नव्हती. ती वहीत भराभर लिहायला लागली होती.

कॉलेजच्या एका मुलाची भयकथा मोबाईलवरच्या एका अ‍ॅपवर क्रमशः चालू होती, शंभरावर भाग झाले होते, वाचकही भरपूर. शेवट ठरला आहे का, असे विचारल्यावर तो म्हणाला, वाचक मागतात तोवर चालू ठेवायची. सर रागावले नाहीत. एवढे सलग लिहिण्याची चिकाटी फार थोड्यांकडे असते, असे त्यांनी सर्वांसमोर सांगितले, आणि आज रात्री घरी गेल्यावर फक्त शेवटचा भाग लिहून ठेव, कोणाला दाखवू नकोस, असे बजावले. या मुलांना नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याजवळ बसून शेवट कुठे करावा हे सांगणारे कोण आहे?

शेवटचा तास व्यवहाराचा होता. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचे मोठे घर दिवाळी अंक हेच आहे, पण तिथे कथा कधी आणि कशी पाठवायची हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही. सरांनी सांगितले. जून-जुलैपर्यंत कथा संपादकांकडे पोचली पाहिजे, गणपतीत पाठवलेल्या कथेला फारशी आशा नसते. सोबतचे पत्र चार ओळींचे असावे. एकच कथा एका वेळी दोन अंकांना देऊ नये. युनिकोडमध्ये टाइप करावी, शब्दसंख्या वर लिहावी, स्वतःजवळ प्रत ठेवावी. मानधनाबद्दल विचारायला संकोच करू नये. वाहक महाशयांनी हे सगळे तिकिटाच्या कोऱ्या रोलवर लिहून घेतले.

त्या कारकुनाची कथा पुढे एका दिवाळी अंकात छापून आली. अंक घेऊन तो वाचनालयात आला तेव्हा आम्ही पेढे वाटले. चिखलाचे वाक्य पहिल्याच पानावर होते.

असे कार्यक्रम परदेशात कसे होतात तेही मी पाहिले आहे. माझी लेक ग्लासगोला असते. ऑगस्ट २०२४ मध्ये, ८ ते १२ तारखांना, तिथे जागतिक विज्ञानकथा संमेलन होते आणि ती मला घेऊन गेली. क्लाइड नदीकाठच्या भल्यामोठ्या केंद्रात हजारो माणसे. सन्माननीय अतिथींमध्ये स्कॉटलंडचे केन मॅक्लाउड होते, नायजेरियन-अमेरिकन लेखिका न्नेडी ओकोराफोर होत्या, आणि एक चित्रकारही. सगळी व्यवस्था पाहणारे स्वयंसेवक, बिनपगारी. अतिथी सोडले तर बहुतेक लेखकही सभासद शुल्क भरून आलेले. एका टेबलामागे चार-पाच लेखक, एक सूत्रसंचालक, एक तास, आणि त्यातला शेवटचा वेळ प्रश्नांसाठी राखलेला. हार-तुरे कुठे दिसले नाहीत, लांबलचक परिचयही नाहीत.

मला मनापासून आवडले ते छोटे टेबल. एक लेखक आणि आधी नाव नोंदवलेली दहा-एक माणसे. लेकीने आमची नावे नोंदवली होती. त्या टेबलावरच्या लेखिकेने नव्या लेखकांना आपली कथा लोकांपुढे कशी वाचावी ते सांगितले. वाचायची पाने मोठ्या अक्षरात छापून घ्या. जेवढा वेळ दिलाय त्याहून तीन मिनिटे कमीच वाचा. संवाद असलेला तुकडा निवडा, वर्णनाचा नको. रहस्य उलगडायच्या आधी थांबा. शेवटच्या रांगेतल्या माणसाकडे बघून वाचा. ऐकताना मला शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर आठवले. हे तिघे कथाकथन करत गावोगाव फिरले. खेड्यातल्या माणसांची मराठी कथा त्यांनी मांडवामांडवातून, शाळांच्या पटांगणांतून लोकांच्या कानांवर घातली. ग्रामीण कथेला कमी लेखणारी मंडळी तेव्हाही होती. पण माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईला, शंकर पाटील १९८५ साली नांदेडला आणि मिरासदार १९९८ साली परळीला संमेलनाध्यक्ष झाले. लेखकाने लोकांसमोर उभे राहून कथा सांगण्याने त्या प्रकाराचे स्थान कसे बदलते, हे आपल्याच महाराष्ट्राने पाहिलेले आहे. रहस्यकथेला आणि भयकथेला तशी संधी अजून मिळायची आहे, आणि कथाकथनाला तर या दोन प्रकारांइतके सोयीचे दुसरे काही नाही.

त्या जागतिक संमेलनाची सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. पहिले भरले १९३९ साली न्यूयॉर्कला, दोनशेच्या आसपास माणसांचे. सन्माननीय अतिथी होते मासिकांची मुखपृष्ठे रंगवणारे फ्रँक पॉल. श्रोत्यांत आयझॅक आसिमोव्ह होते, वय १९, पहिली कथा छापून काहीच महिने झालेले. रे ब्रॅडबरी होते, वय १८, मित्राकडून उसने पैसे घेऊन लॉस एंजेलिसहून बसने आलेले. पुढे या दोघांना जगाने ओळखले. उसने पैसे घेऊन यावेसे वाटेल असे काहीतरी त्या सभागृहात होते. माझी धडपड त्यासाठीच आहे. वडूजच्या किंवा पाटणच्या मुलाला एस.टी.चे तिकीट काढून यावेसे वाटेल असे आपल्या मांडवात काय आहे?

म्हणून संयोजकांना विनंती. कविकट्ट्याशेजारी एक छोटा मांडव कथेसाठी द्या. त्यात रोज एक रहस्य, भय किंवा विज्ञानकथा लेखक किमान दोन तास बसू दे. वीस जणांची नावे महिनाभर आधी घ्या आणि त्यांची दोन-दोन पाने लेखकाकडे वेळेत पोचवा. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण पाने न वाचता आलेला लेखक शेवटी आपल्या आठवणीच सांगत बसतो. सत्कार मुख्य मांडवात करा, या मांडवात नको. आणि मानधनाचे पाकीट देताना 'फूल ना फुलाची पाकळी' म्हणू नका, आकडा आधी कळवा. ध्वनिक्षेपकावर आणि कमानीवर होणाऱ्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही. मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थेचा स्पर्धांचा अनुभव दांडगा आहे, विज्ञानकथेच्या दिवसासाठी त्यांची मदत मागावी. धारपांचा जन्म १९२५ चा, शताब्दी नुकतीच होऊन गेली. त्यांच्या नावाने भयकथेचा एक दिवस करता आला तर वाचक उलट आपणहून मांडव भरतील, याची खात्री देवघेवीच्या टेबलावर बसलेली मी देते.

लेखकांनाही सांगणे आहे. आपल्यापैकी अनेकांना संमेलनांचा कंटाळा आला आहे, आणि का आला ते मी वर लिहिलेच आहे. तरीही लहान गावचे बोलावणे आले तर नाही म्हणू नका. आपल्या अटी स्पष्ट सांगा, आमच्या पाहुण्यांनी सांगितल्या तशा. मोठ्या मांडवात हजार माणसे टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. वीस माणसांच्या खोलीत एखादी नर्स तुमच्या एका प्रश्नावर आयुष्यातली पहिली धड कथा लिहायला घेते. तिची ती नोंदवहीची कथा अजून पूर्ण व्हायची आहे, रात्रपाळ्या सांभाळून चालली आहे. पण मी वाचली तेवढी पाने चांगली आहेत.

कराडने १९७५ साली दुर्गाबाई भागवतांच्या आणि २००३ साली सुभाष भेंडे यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरवले आहे. आमच्या भागाला पाहुण्यांची उठबस नवी नाही. पुढचे शिबिर दिवाळीनंतर घ्यायचे आहे, या वेळी विज्ञानकथेवर. बारा जणांची पाने आत्ताच जमा झाली आहेत. त्यात एक धरणाच्या दरवाजांवर काम करणारा तंत्रज्ञ आहे आणि नववीतली एक मुलगी आहे. जे लेखक यायला तयार असतील त्यांनी आपल्या पत्राच्या पत्त्यावर कळवावे, पाने लगेच पाठवू. कोयना एक्सप्रेसने आलात तर स्टेशन गावापासून लांब, ओगलेवाडीला आहे. रिक्षा शोधत बसू नका, घ्यायला आम्ही येऊ.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल,
ता. कराड, जि. सातारा